चार बोटं पुढचा खिळा

खुर्चीला आधी कुलूप घालायचं आणि मगच वायर ओढायला बसायचं, ही त्याची अकरा वर्षांची रीत होती.

खुर्ची म्हणजे खरीखुरी नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. कारखाना दातांच्या डॉक्टरांसाठी खुर्च्या बनवायचा. त्या खुर्चीचा प्रत्येक पत्रा, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक मोटर आधी पडद्यावर जोडली जाई आणि मग खाली लोखंडात उतरे. बाकीचे लोक पत्रे काढत, मोटरी बसवत. याच्या वाट्याला वायरी आल्या होत्या. एका खुर्चीत एकशे अडतीस.

पडद्यावर वायर काढणं वाटतं तितकं सोपं नसतं. पत्रा ठेवला तिथे राहतो. वायर मऊ. ती कुठून निघते आणि कुठे पोचते एवढंच ठरलेलं असतं, मधला रस्ता कोणीतरी ठरवावा लागतो. तो इथे एक क्लिप लावी, तिथे एक. क्लिपांमधून रेघ ओढी, रेघेला जाडी देई, वळण फार आवळलं गेलं असेल तर सैल करी. मग संगणक रेघ मोजून आकडा सांगे. नऊशे बारा मिलिमीटर. सतराशे चाळीस. या आकड्यांची यादी आणि खऱ्या मापाचा लांबलचक कागदी नकाशा खालच्या मजल्यावर वायरखोलीत जाई.

कुलपाचं कारण असं, की ही खुर्ची हलणारी. वर उठते, पाठ मागे जाऊन आडवी होते. पण पडद्यावरची खुर्ची आडवी केली की तिच्या वायरी तिच्याबरोबर जात नसत. निम्म्या हवेत लटकत राहत, निम्म्या पत्र्यातून आरपार जात, आणि सगळ्या लालभडक होत. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने एकदा तो उद्योग केला होता. सगळं ताळ्यावर आणायला अडीच दिवस लागले. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. खुर्ची बसलेल्या स्थितीत आणायची, कुलूप घालायचं, वायरी काढायच्या.

कचेरीत त्याला ‘मिलिमीटर’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याची ना नसे. हा शिंकतो तेव्हासुद्धा रुमाल मधोमध धरतो, असं पत्रेवाल्यांच्या टेबलावर बोललं जाई. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. वय त्रेपन्न. मित्र बेताचे, वैरी नाहीत. नाकासमोर चालणारा माणूस. त्याच्या नावावर एकच गोष्ट होती आणि ती सगळ्या कारखान्याला माहीत होती: अकरा वर्षांत त्याची एकही वायर कमी पडली नव्हती. तो स्वतः हे कधी बोलत नसे. त्याची गरजही नव्हती, दुसरे बोलत.

खाली वायरखोलीत माई होत्या. आठ बायका, आणि त्यांच्यावर माई. दाराएवढ्या लाकडी फळीवर याचा कागद चिकटवलेला असे, कागदावर फुल्या छापलेल्या, आणि प्रत्येक फुलीवर एक खिळा ठोकलेला. खिळ्यांमधून वायरी फिरवायच्या, त्यांची जुडी बांधायची, टोकं कापायची. वरून येणारी आकड्यांची यादी दाराजवळ टांगलेली असे. ती कोणी फारशी वाचत नसे. वायर फळीवर धरली, खिळ्यापर्यंत पोचली, कापली, झालं. तो खाली वर्षातून दोनदा जाई, नवा कागद द्यायला. दारातूनच देई.

गेल्या वर्षाच्या अखेरीस वायर कापायचं मशीन आलं आणि त्याच महिन्यात माई निवृत्त झाल्या. मशीन थेट वरच्या, पडद्यावरच्या मॉडेलमधले आकडे उचलून वायरी कापत होतं. फळ्याही नव्या आल्या, भोकं मशीननेच पाडलेली. माईंना निरोप देताना क्वालिटीच्या साहेबांनी भाषण केलं. साहेब वयाने लहान पण बोलायला पटाईत. म्हणाले, “माई, एवढ्यात सुटका नाही तुमची. मशीन कापतं, पण बांधायला माणूसच लागतो. सगळं बसलं की दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं, मुलींना शिकवायला.” टाळ्या वाजल्या. माईंना एक भिंतीवरचं घड्याळ आणि सगळ्यांचा एक फोटो मिळाला. फोटोत मिलिमीटर मागच्या रांगेत होता, निम्मा झाकलेला.

दोन महिन्यांनी पहिला फोन आला.

एका डॉक्टरबाईंची नवी खुर्ची पेशंटसकट आडवी झाली आणि उठेचना. पेशंट तोंडात कापूस घेऊन वीस मिनिटं छताकडे बघत पडला होता. कचेरीत हसाहस झाली. “निदान त्याला ओरडता तरी आलं नाही,” पत्रेवाला म्हणाला. पुढच्या आठवड्यात तीन फोन आले. महिनाअखेर एकूण नऊ. मग कोणी हसेना.

बैठक बसली. मोटर तपासली, बटणं तपासली, वायरीच्या टोकाला बसून मोटरीत जाणाऱ्या पिना पुरवणाऱ्याला बोलावून झापलं. पिन आपल्या जागेतून निसटते, एवढं कळलं होतं. का निसटते ते कळत नव्हतं. कोणीतरी दबक्या आवाजात वायरींचं नाव काढलं. साहेबांनी हात झटकला.

“वायरींचं विचारूच नका. ते मिलिमीटरचं काम आहे.”

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यानेही हलवली.

तरी त्याला एकदा डॉक्टरबाईंकडे पाठवलं, पिनेचे फोटो काढायला. दवाखान्यात दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बंद पडलेली खुर्ची, टॉवेल टाकून झाकलेली. मदतनीस बाईने हाताने पाठ आडवी करून दिली. त्याने पाठीमागचं झाकण उघडलं. पाठीची वायर, म्हणजे बुडातून निघून बिजागरीला वळसा घालून वर मोटरीत जाणारी, ताणून बसली होती. अंगावरची सगळी वळणं सरळ करून ती कशीबशी पोचत होती. बोटाने छेडली असती तर वाजली असती. कारखान्यात प्रत्येक खुर्ची दहा वेळा आडवी करून बघत. दहा वेळा ती टिकत होती. इथे दिवसाला तीस वेळा. रोज थोडी थोडी ती पिन खेचत होती.

त्याने ती सोडवली आणि पिशवीतली टेप लावून मोजली. सतराशे चाळीस. मॉडेलमध्ये होती तेवढीच, ना एक कमी ना एक जास्त. त्याला क्षणभर बरं वाटलं.

“तुमच्याकडे जुनी खुर्ची आहे का आमची?” त्याने विचारलं.

“आतल्या खोलीत आहे की. सहा वर्षं झाली. तिला काही होत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तसलीच का बनवत नाही तुम्ही?”

“तीच आहे ही. काही बदललेलं नाही.”

“मग ही का मरते?”

आतल्या खुर्चीच्या झाकणामागे तीच वायर होती, त्याच क्लिपांतून गेलेली. पण बिजागरीपाशी ती आरामात ओठंगून बसली होती. त्याने सोडवली, मोजली. मोजून झाल्यावर टेप पुसली आणि पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा. अठराशे आठ.

अडुसष्ट मिलिमीटर जास्त.

परत आल्यावर तो आपल्या जागेवर गेला नाही. भंगारखोलीत गेला. जुन्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, जळाऊ लाकूड म्हणून कोणी नेण्याची वाट बघत. पाठीच्या वायरीची फळी मागून चौथी होती. त्याने ती एकट्याने ओढून काढली. कागद पिवळा पडला होता, कडेला तेलकट अंगठे उमटले होते. कोपऱ्यात ‘रेखाटन’ या शब्दापुढे त्याचं नाव. सगळ्या फुल्यांवर खिळे होते. शेवटची, मोटरीकडची फुली मात्र कोरी. तिच्यावर खिळाच नव्हता. फळीला तिथे एक बुजलेलं भोक होतं. खिळा त्याच्या पुढे होता, वायरींनी घासून घासून चकचकीत झालेला. त्याने पट्टी लावली. फुलीपासून खिळ्यापर्यंत अडुसष्ट.

फळी त्याने परत भिंतीला टेकवली. मग वर जाऊन त्याने पडद्यावरच्या खुर्चीचं कुलूप काढलं आणि पाठ आडवी केली. वायरी लाल झाल्या. त्याने बाकीच्या तशाच सोडल्या आणि एकच, पाठीची वायर, नव्याने ओढली, सावकाश, क्लिपेक्लिपेने. संगणकाने आकडा सांगितला: अठराशे एक. म्हणजे त्याची वायर पहिल्या दिवसापासून एकसष्ट मिलिमीटर कमी होती. पहिल्या खुर्चीपासून. अकरा वर्षं ती दर वेळी कमी होती, आणि दर वेळी खाली कोणीतरी ती पुरी करत होतं.

वायरखोलीतल्या बायकांना त्याने विचारलं. त्या सगळ्या गेल्या दहा वर्षांत आलेल्या. खिळा त्यांनी पहिल्यापासून तिथेच बघितला होता, कुठून सरकला ते त्यांना ठाऊक नव्हतं. “माईंनाच विचारा,” त्या म्हणाल्या.

माई दोन बस बदलून जावं लागे अशा वस्तीत राहत, तिसऱ्या मजल्यावर, मुलाकडे. दार सुनेने उघडलं आणि ती आत निघून गेली. माई खिडकीपाशी बसल्या होत्या. कारखान्यातलं घड्याळ भिंतीवर होतं. फोटो कपाटावर, मागे पडलेला.

“साहेब? तुम्ही? माझ्याकडे?” माई उठल्या. “कारखाना बुडाला की काय?”

“नाही. थोडं विचारायचं होतं.”

“विचारा की. आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा आहे. तुम्ही बनवलेली नाही ना ती!” स्वतःच्या विनोदावर त्या हसल्या. तो हसला नाही, तेव्हा त्याही थांबल्या. “बोला.”

“पाठीच्या वायरीचा शेवटचा खिळा तुम्ही सरकवलात का?”

“कधीचं विचारताय?”

“अकरा वर्षांपूर्वीचं.”

“मग हो.”

“का?”

“का म्हणजे? ओढ लागायची तिला. तुम्ही खुर्ची बसलेली काढता, साहेब. आम्ही खाली ती निजवून बघायचो. बसल्या बसल्या कोण दात काढून घेतं?”

तो म्हणाला, “मला सांगायचं होतंत.”

माईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. राग नव्हता, जरा आश्चर्य होतं.

“सांगितलं होतं की. पहिल्याच महिन्यात. मी वर आले होते तुमच्या टेबलापाशी. तुम्ही पडद्याकडे बघत होतात. म्हटलं, साहेब, पाठीची वायर चार बोटं कमी पडते. तुम्ही मान वळवली नाहीत. म्हणालात, ‘बोटं हे माप नाही.’”

त्याला आठवेना. टेबल आठवलं, पहिल्या वर्षीचा जाडजूड पडदा आठवला. टेबलापाशी उभ्या माई काही आठवल्या नाहीत. पण वाक्य त्याचंच होतं. ते दुसऱ्या कोणाचं असूच शकत नव्हतं.

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? माप नाही तर नाही. खाली गेले, खिळा उपटला, चार बोटं पुढे ठोकला. तुमच्या कागदावर खाडाखोड केली नाही हां. कागद जसाच्या तसा आहे.”

“आणि अकरा वर्षं एकदाही बोलला नाहीत.”

“वायर कमी पडली असती तर बोलले असते.”

सुनेने चहा आणून ठेवला. कप टेबलावर आपटला नाही, पण टेकवलाही नाही. माईंनी ती आत जाईपर्यंत वाट बघितली.

“मंगळवारचं काही कळलं का हो? मशीन बसलं ना आता? मी नवा चष्मा केलाय त्यासाठी. बारीक गाठ दिसायला हवी, मुलींसमोर चाचपडत बसले तर काय शोभा.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “इथे मी सगळ्यांच्या वाटेत असते, साहेब. या खिडकीत बसले तर पडदा ओढायला अडचण, तिकडे बसले तर झाडू मारायला.”

त्याने मग सगळं सांगितलं. नऊ खुर्च्या, पिना, मशीन. त्या ऐकत राहिल्या. मशीनने फुलीपर्यंतच कापली, हे त्यांना लगेच कळलं.

“अरे देवा. खिळ्याचं मी कोणाला सांगूनच आले नाही. लक्षातच आलं नाही. इतकी वर्षं तो तिथेच होता ना, मला वाटायला लागलं, तो तुमचाच आहे.”

“माई, हात जरा टेबलावर ठेवता?”

त्यांनी ठेवला. त्याने खिशातली पट्टी काढली. हात जाडा होता, टोकांशी वाकलेला. करंगळीच्या कडेपासून तर्जनीच्या कडेपर्यंत अडुसष्ट.

“आता झालं का माप?” माई म्हणाल्या.

तो जायला उठला तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. “हे लिहावं लागेल ना तुम्हाला कुठेतरी?”

“लागेल.”

“लिहा. माझं नाव आलं तरी चालेल. फक्त मी सांगितलं होतं, एवढं लिहा. चोरून केलं असं नको. तेवढं आलं की मंगळवारचं अडायचं नाही.”

“लिहितो,” तो म्हणाला.

आणि त्याने लिहिलं. दोन पानी अहवाल, आकड्यांसकट. वायर काढताना खुर्ची आडवी करून तपासलेली नव्हती. वायर एकसष्ट मिलिमीटर कमी होती. वायरखोलीत ती वाढवून घेतली जात होती. वाढवणाऱ्या बाईंनी तसं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. त्याने अहवाल तीनदा वाचला आणि एक स्वल्पविराम बदलला.

साहेबांनी तो एकदाच वाचला. मग दार लावून घेतलं.

“हे काय लिहिलंत तुम्ही?”

“झालं ते.”

“हे बाहेर पाठवायचं मी? तपासणीवाले पहिला प्रश्न काय विचारतील? बाकीच्या एकशे सदतीस वायरी तरी तपासल्यात का? उत्तर आहे?”

“त्या हलत नाहीत फारशा. आठ-दहा बघाव्या लागतील. मी बघतो.”

“बघा. पण आत बघा, कागदावर नको. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी तुम्हाला सांगावं का?” साहेब खुर्चीत मागे टेकले. “हे बघा, प्रश्न सोपा आहे. जुन्या खुर्च्या आणि नव्या खुर्च्या, फरक कशाचा? मॉडेल तेच. नकाशा तोच. फरक एका खिळ्याचा. नकाशात नसलेला बदल खाली कोणीतरी परवानगीवाचून केला आणि जाताना सांगितलाही नाही. हे कारण. तपासणीच्या फॉर्मवर कारणाला एकच ओळ आहे.”

“त्या खिळ्यामुळे अकरा वर्षं खुर्च्या चालल्या.”

“आणि त्याच खिळ्यामुळे अकरा वर्षं तुमची चूक कळली नाही. खोटं आहे का?”

खोटं नव्हतं.

“बाईंनी सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“लेखी?”

“तोंडी.”

“कोणाला?”

“मला.”

“तुम्हाला आठवतं?”

बाहेर पत्रेवाल्यांच्या टेबलावर कोणीतरी जोरात हसलं. मिलिमीटर साहेबांच्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. वाक्य त्याला ओळखीचं होतं, स्वतःच्या सहीइतकं. पण प्रसंग आठवत नव्हता. विचारलं होतं ते आठवण्याबद्दल.

“नाही,” तो म्हणाला.

“मग झालं तर.” साहेबांनी पेन उचललं आणि अहवालातली शेवटची ओळ खोडली. मग पहिलीही खोडली. “टाइप करून आणा. सही तुमचीच लागेल.”

त्याने टाइप करून आणलं, आणि सही केली.

त्याची बायको घरी कपड्यांची दुरुस्ती करायची. उसवलेलं शिवायचं, तंग झालेलं सैल करायचं. संध्याकाळी ती कोणाच्यातरी पँटची कंबर उसवत बसली असताना त्याने तिला सगळं सांगितलं. तिने हात न थांबवता ऐकलं.

“कापड कापताना माया सोडावी लागते, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं,” ती म्हणाली. “तुम्हाला कोणी शिकवलं नाही?”

“संगणकावर रेघ असते. तिला काही सोडावं लागत नाही.”

“आणि त्या बाईंचं काय? तुम्ही म्हणालात ना, लिहितो म्हणून?”

“लिहिलं होतं. मला विचारलं, आठवतं का. आठवत नव्हतं. खोटं कसं सांगणार?”

तिने दातांनी दोरा तोडला.

“लग्नाला पंधरा दिवस झाले होते. तुम्ही विचारलंत, मीठ किती घातलं. मी म्हटलं, चिमूटभर. तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, ‘चिमूट हे माप नाही.’ आठवतं?”

“नाही.”

“मला आठवतं,” ती म्हणाली, आणि सुईत नवा दोरा ओवायला उजेडाकडे वळली. त्याने दिवा तिच्या बाजूला सरकवला.

महिन्याभराने खुर्च्यांचे फोन बंद झाले. नवी वायर अठराशे आठ. मशीनला नवा आकडा दिला की ते नवा आकडा कापतं, त्याला खिळा लागत नाही. नवी खुर्ची घेतलेल्या सगळ्या डॉक्टरांकडे माणूस जाऊन वायर बदलून आला. फाटकावर सूचना लागली, सगळ्या कामगारांसाठी: नकाशाबाहेर कोणताही बदल परवानगीवाचून करू नये, वायरखोलीतील एका निवृत्त कर्मचाऱ्याने केलेल्या अशा बदलामुळे कारखान्याचं नुकसान झालं आहे, सदर कर्मचाऱ्यास यापुढे आत प्रवेश नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं पत्रेवाला सूचना वाचून म्हणाला. पण त्यालाही चोर कोण ते ठाऊक नव्हतं, सवयीने म्हणाला.

माईंना कोणी कळवलं नव्हतं. कळवायचं काम कोणाचं, हे ठरलेलं नव्हतं.

त्या एका मंगळवारी आल्या. सकाळची पाळी आत गेली होती. मिलिमीटरची खिडकी फाटकावर उघडायची. त्याने त्यांना रस्ता ओलांडताना बघितलं. इस्त्री केलेली साडी, हातात जुना डबा. फाटकवाला बाहेर आला, दोघं बोलले. फाटकवाला बारा वर्षांपासूनचा जुना माणूस. तो मान खाली घालून एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होता. शेवटी त्याने सूचनेच्या फळ्याकडे बोट केलं.

माईंनी पिशवीतून चष्म्याची डबी काढली. नवा चष्मा घातला. फळ्यापाशी जाऊन वाचायला लागल्या, ओळीखाली बोट सरकवत. वाचून झाल्यावर त्यांनी बोट परत वर नेलं आणि पुन्हा वाचलं. काहीतरी सुटलंय का, ते बघत असाव्यात. सुटलेलं होतंच, पण ते त्या कागदावर सापडणार नव्हतं.

तो खुर्चीतून अर्धा उठला होता. जिना उतरून फाटकापर्यंत जायला दोन मिनिटं लागली असती. आणि जाऊन म्हणायचं काय? आठवलं, असं? आठवलेलं नव्हतं. तो तसाच राहिला, ना बसलेला ना उभा, मांड्या भरून येईपर्यंत.

माईंनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी पिशवीत ठेवली. फाटकवाल्याला काहीतरी म्हणाल्या. त्यावर तो किंचित हसला. म्हणजे विनोदच केला असणार. वर खिडक्यांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बसथांब्याकडे चालत गेल्या.

तो बसला. पडद्यावरची खुर्ची आडवी होती. आता तो आधी ती निजवूनच बघायचा, मग उठवून कुलूप घालायचा. बाकीच्या आठ वायरी त्याने गुपचूप तपासल्या होत्या. दोन कमी निघाल्या. त्यांच्याही फळ्या त्याने भंगारखोलीत शोधल्या, पण तोवर त्या कोणीतरी नेल्या होत्या.

साहेबांच्या सांगण्यावरून त्याने एक नियम लिहून काढला. जी वायर बिजागरीवरून जाते, तिला मोजलेल्या लांबीपेक्षा अडुसष्ट मिलिमीटर जास्त द्यायचे. नियम सगळ्या मॉडेलांना लागू झाला. कचेरीत त्या नियमाला ‘मिलिमीटरची ढील’ म्हणू लागले. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाखाली त्याचं नाव होतं.

वर्षाअखेरीस रेखाटन विभागात एक नवी अभियंता रुजू झाली. हुशार होती, प्रश्न विचारणारी. तो नियम वाचून ती त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. त्याने काम थांबवलं आणि मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“सर, हा आकडा विचित्र आहे. पासष्ट नाही, सत्तर नाही. अडुसष्ट कुठून आला?”

त्याचा हात खिशातल्या पट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला.

“मोजलेला आहे,” तो म्हणाला.